सोळा आणे एक

मुलाने बरोबर उत्तर लिहिलं होतं आणि मग स्वतःच ते खोडलं होतं. प्रश्न नववीच्या बेताचा: ०.९९९… हा आवर्ती दशांश अंश-छेदाच्या रूपात लिहा. रीत वर्गात शिकवलेलीच. क्ष बरोबर ०.९९९… मानायचं, दोन्ही बाजूंना दहाने गुणायचं, म्हणजे १० क्ष बरोबर ९.९९९…, वजाबाकी केली की ९ क्ष बरोबर ९, म्हणून क्ष बरोबर १. इथवर तो बिनचूक आला होता. मग त्या शेवटच्या ओळीवरून त्याने आडवी रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, ‘चुकलं’.

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा रविवारी सकाळी चिंचवडच्या एका घरात जेवणाच्या टेबलावर पसरलेला होता. तपासणारी गणिताची शिक्षिका, आणि समोर पेपर वाचत बसलेले तिचे मामा. मामांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेलेली. आधी लेथ, मग ग्राइंडिंग, शेवटची वर्षं तपासणी विभागात. त्यांनी चष्मा वर सरकवून ती खोडलेली ओळ पाहिली.

“बरोबर खोडलंय पोराने.”

“मामा, उत्तर एक हेच आहे.”

“कसं? एक मिलिमीटरची पिन ०.९९९ भरली तर मायक्रोमीटर ०.९९९ दाखवतो, १ दाखवत नाही. ड्रॉइंगवर खालची मर्यादा एक असेल तर तो जॉब रिजेक्ट. मी स्वतः केलेत.”

“तुमच्या पिनेत तीनच नऊ आहेत. इथे नवांच्या पुढे तीन टिंबं आहेत.”

“म्हणजे आणखी नऊ. शंभर लाव, हजार लाव. दरवेळी एकाच्या जवळ जाशील. पोचशील कधी?”

सगळा वाद या ‘पोचशील’ शब्दात आहे, आणि मामांनी तो पहिल्याच मिनिटाला पकडला. त्यांच्या बाजूला माणसंही पुष्कळ आहेत. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातल्या डेव्हिड टॉल आणि रॉल्फ श्वार्झेनबर्गर यांनी विद्यापीठात नव्याने आलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारला होता: ०.९९९… म्हणजे एक, की एकापेक्षा किंचित कमी? १९७८ मध्ये त्यांनी त्याबद्दल लिहिलं. बहुतेक मुलांचं उत्तर होतं, किंचित कमी. शाळेतलं गणित उत्तम रीतीने पार करून आलेली ती मुलं होती. तेव्हा चिंचवडच्या त्या नववीतल्या मुलाने आपलं उत्तर खोडलं यात त्याचा अभ्यास कच्चा होता असं म्हणता येत नाही.

भाचीने त्या मुलाचीच रीत मामांपुढे ठेवली. दहाने गुणलं की दशांश चिन्ह एक घर उजवीकडे सरकतं. त्याच्या उजवीकडची नवांची रांग जशीच्या तशी राहते. वजाबाकीत रांगेतून रांग जाते.

“जशीच्या तशी कशी राहील? ०.९९९ ला दहाने गुण. ९.९९ येतात. चिन्हाच्या पुढचा एक नऊ कमी झाला.”

“रांगेला शेवट असेल तर कमी होतो. इथे शेवटचा नऊ नाहीच.”

“नाही, तर वजाबाकी सुरू कुठून करतेस? वजाबाकी शेवटच्या घरापासून करायची, हे तुम्हीच शिकवता ना पोरांना?”

तिने लाल पेन खाली ठेवलं. आक्षेप खरा होता. तिने कोऱ्या कागदावर वेगळीच बेरीज मांडली: १ + २ + ४ + ८ + … अशी दुप्पट होत जाणारी, न संपणारी. तिला ‘क’ म्हणू. क ची दुप्पट म्हणजे २ + ४ + ८ + …, म्हणजे मूळ बेरजेतला पहिला १ वगळून बाकी सगळं. म्हणून २ क बरोबर क वजा १, आणि क बरोबर उणे एक.

“धन संख्या मिळवत गेलो आणि उत्तर उणे?” मामा म्हणाले.

“रीत तीच आहे. इथेही रांगेतून रांग गेली, पण उत्तर भलतंच आलं. कारण ही बेरीज कुठल्याच संख्येपाशी स्थिरावत नाही. म्हणजे ती युक्ती वापरायच्या आधी, रांग एखाद्या ठरावीक संख्येपाशी स्थिरावते हे दाखवावं लागतं. वर्गात आम्ही ते दाखवत नाही.”

अठराव्या शतकात ऑयलरसारखा गणितीसुद्धा त्या उणे एकाला मोकळ्या मनाने जागा द्यायला तयार होता, आणि १७७० च्या त्याच्या बीजगणिताच्या पुस्तकात ९.९९९… म्हणजे दहा हेही आहे. त्याची जाण इतकी पक्की होती की नियम नसतानाही तो सहसा घसरला नाही. शाळकरी मुलाला तो आधार नसतो. ‘ही युक्ती चालते, पण ती का चालते हे पुढे शिकाल’ एवढं एक वाक्य पुस्तकात छापलं, तर खोडलेली कितीतरी उत्तरं वाचतील.

तिने दुसरी वाट धरली. एकाला तीनने भागलं की ०.३३३… येतात, हे मामांना मान्य असणारच. आता दोन्हींची तिप्पट करायची. एकीकडे एक, दुसरीकडे ०.९९९….

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “असं असेल तर मला त्या ०.३३३… चीच शंका येते. भागाकार करताना दर पायरीला बाकी एक उरतेच. म्हणजे तेही एक-तृतीयांशापेक्षा किंचित कमीच असणार.”

माघार न घेता आपल्या म्हणण्याची किंमत पुरती मोजण्याची ही तयारी गणितात फार मोलाची. रोज शिकवणाऱ्याला ती ओळखता येते. भाचीने विषय बदलल्यासारखं विचारलं, “आजोबा दुकानाचा हिशेब कशात लिहायचे?”

“रुपये, आणे, पै.”

“एका रुपयाचे तीन सारखे वाटे करायचे असले तर?”

मामांना आकडेमोड करावी लागली नाही. “पाच आणे चार पै.”

रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्याचा तिसरा हिस्सा ६४ पै. ना कमी ना जास्त, आणि पुढे टिंबं नाहीत. १ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्या दिवसापासून रुपयाचा तिसरा हिस्सा ३३.३३३… पैसे असा लिहावा लागतो.

“३१ मार्चला संपणारा आकडा १ एप्रिलला न संपणारा झाला,” भाची म्हणाली. “रुपया तोच, वाटा तोच. बदललं ते माप. १९२ ला तीनने भाग जातो. दहाला जात नाही, शंभराला नाही, हजाराला नाही. दहाच्या पोटात फक्त दोन आणि पाच आहेत. छेदात तीन आला की दहाच्या भाषेत तो वाटा कधी संपत नाही. तो कधी न संपणारा भागाकार आपल्या दहा बोटांच्या मोजणीतून आलाय. वाट्यात काही कमी नाही.”

“हे पटलं. टिंबं येतात ती दहामुळे. पण म्हणून ३३.३३३… पैसे म्हणजे नेमके पाच आणे चार पै, हे कुठे ठरलं? तेव्हा आण्याला सव्वासहा नवे पैसे होत होते, तरी हातात सहाच मिळायचे. दशमानात जे बसलं नाही ते कुणाच्या तरी खिशातून गेलंच की.”

पाच आणे चार पैचे तीन वाटे एकत्र केले की सोळा आणे होतात. नाणी गेली, तरी पूर्ण खरं असलेल्या गोष्टीला मराठीत ‘सोळा आणे खरी’ म्हणतात. मामांना हवं होतं ते ०.९९९… बद्दलचं सोळा आणे उत्तर. पंधरा आणे अकरा पैवर ते थांबणारे नव्हते.

भाचीने कागदावर गोल काढला. “ही भाकरी. जेवायला नऊ जण. मी हिचे दहा सारखे तुकडे केले, प्रत्येकाला एकेक दिला. एक उरला. त्याचे पुन्हा दहा केले, पुन्हा एकेक दिला, पुन्हा एक उरला. असं करत गेले. एका ताटात किती पडलं? एक दशांश, एक शतांश, एक सहस्रांश… म्हणजे ०.१११…. नऊ ताटांत मिळून ०.९९९….”

“आणि उरलेला कण?”

“तिथेच सगळं आहे.”

हा कण पाचशे वर्षांपूर्वी केरळात एका विद्वानाच्याही डोळ्यासमोर होता. नीलकंठ सोमयाजी, जन्म १४४४, तिरूरजवळच्या तृक्कंडियूरचे. संगमग्रामच्या माधवांपासून चालत आलेल्या गणितपरंपरेतले. आर्यभटीयावर त्यांनी मोठं भाष्य लिहिलं. त्यात वर्तुळाचा कंस आणि त्याची ज्या यांचा संबंध लावताना एक न संपणारी बेरीज येते: एक चतुर्थांश, त्याचा चतुर्थांश, त्याचाही चतुर्थांश, असं पुढे. नीलकंठ सांगतात, ही बेरीज एक-तृतीयांश होते. आणि तिथेच स्वतःला दोन प्रश्न विचारतात. ही वाढ तेवढ्यावरच का थांबते, पुढे का जात नाही? आणि ती तेवढी पुरी भरते, हे तरी कशावरून? पहिला प्रश्न कुणालाही सुचेल. दुसरा मामांचा प्रश्न आहे.

त्यांची वाट साधी आहे. एक-तृतीयांशातून एक-चतुर्थांश काढला की एक-बारांश उरतो, आणि एक-बारांश म्हणजे त्या चतुर्थांशाचा नेमका तिसरा भाग. त्यातून एक-षोडशांश काढला की उरतो एक-अठ्ठेचाळीसांश; तोही षोडशांशाचा नेमका तिसरा भाग. दर पायरीला उरलेल्याचं माप आधीच माहीत असतं, आणि ते चौपटीने घटत जातं. हीच बेरीज इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिसिलीतल्या आर्किमिडीजनेही वापरली होती, परवलयाचं क्षेत्रफळ काढताना. त्याने अनंताचं नाव न घेता सिद्ध केलं, की क्षेत्रफळ त्या आकड्याहून जास्त मानलं तर विसंगती येते, कमी मानलं तरी येते. एवढं अंतर आणि एवढा काळ मध्ये असताना दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं, ही गोष्ट कितीदा वाचली तरी मन भरून येतं.

भाकरीलाही तेच लागू पडतं. एकातून नऊ दशांश गेले, एक दशांश उरला. त्यातून नऊ शतांश गेले, एक शतांश उरला.

“उरतंच की मग,” मामा म्हणाले. “तुझ्या नीलकंठांनीही उरलेल्याचं माप लिहून ठेवलंय.”

“दर पायरीला उरतं, कबूल. मी विचारते आहे तो कण, जो सगळ्या पायऱ्या झाल्यावरही उरतो. तो केवढा?”

“लहान.”

“किती लहान? तुमच्या टूलरूममध्ये ‘लहान’ असं माप चालत होतं?”

मामा खुर्चीत सरळ बसले. आता बोलणं त्यांच्या हद्दीत आलं होतं.

“तुम्ही टॉलरन्स सांगा,” ती म्हणाली. “एक मिलिमीटरचा जॉब. किती कमी चालेल?”

“पाच मायक्रॉन.”

“तीन नऊ पुरे. तूट एकच मायक्रॉन.”

“अर्धा मायक्रॉन.”

“चार नऊ.”

“स्लिप गेजच्या पातळीवर ये. शतांश पाच मायक्रॉन.”

“पाच नऊ. आणि सात नऊ लावले तर तूट मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाएवढी होते. लोखंडाच्या एका अणूचा व्यास त्याहून मोठा असतो. पण मी तिथे थांबत नाही. अणूंचं मला बंधन नाही. शून्य सोडून वाटेल तो टॉलरन्स द्या. किती नऊ लावले की जॉब मर्यादेत येईल ते मी सांगेन. आणि एकदा आत आला की पुढे कितीही नऊ लावले तरी तो बाहेर जाणार नाही.”

मामा काही बोलले नाहीत. आयुष्यभर त्यांनी ड्रॉइंगवर वाचलेली गोष्टच त्यांना कुणीतरी गणिताच्या भाषेत परत सांगत होतं. १८२१ मध्ये पॅरिसमध्ये कोशीने सीमेच्या कल्पनेवर सगळं कलनशास्त्र उभं करायला घेतलं, पुढे बर्लिनमध्ये वायरश्ट्रासने तिला आजचं काटेकोर रूप दिलं. त्या व्याख्येत एप्सिलॉन नावाचं ग्रीक अक्षर असतं आणि ते पाहून पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलं धसका घेतात. एप्सिलॉन म्हणजे टॉलरन्स. त्या व्याख्येची सुरुवात कुठल्याही तपासणी विभागातून करता येईल, आणि करावी.

या व्याख्येत ०.९९९… हे एका संख्येचं नाव ठरतं: ०.९, ०.९९, ०.९९९ ही रांग जिच्याभोवती कुठल्याही टॉलरन्सच्या आत येऊन राहते, ती संख्या. अशी संख्या एकच असू शकते, आणि ती एक आहे.

“थांब,” मामा म्हणाले. “म्हणजे तू पोचली नाहीसच. पोचण्याचा अर्थ बदललास.”

“हो.”

तिने तो ‘हो’ आढेवेढे न घेता दिला. नऊ लिहीत लिहीत शेवटापर्यंत कुणीच गेलेलं नाही, कुणी जाणार नाही. तीन टिंबांना काहीतरी अर्थ द्यावाच लागतो. माणसांनी हा दिला, कारण त्याने भागाकार, बेरीज, गुणाकार सगळे एकमेकांशी जुळून राहतात. मात्र एकदा हा अर्थ घेतला की ०.९९९… आणि १ यांत फरक ठेवायची मुभा उरत नाही. वॉरिकच्याच टॉल यांनी एडी ग्रे यांच्यासोबत १९९४ मध्ये या अडचणीच्या मुळाशी जायचा प्रयत्न केला. गणितातली कितीतरी चिन्हं एकाच वेळी कृतीही असतात आणि वस्तूही. ‘तीन अधिक दोन’ वाचून लहान मूल मोजायला लागतं, मोठ्याला पाच दिसतात. ०.९९९… पाहून बहुतेकजण मोजायला लागतात.

“मग मीही अर्थ निवडतो,” मामा म्हणाले. “माझा कण शून्य नाही. पण तुझ्या सगळ्या टॉलरन्सपेक्षा लहान आहे.”

“असा कण रोजच्या संख्यारेषेवर मावत नाही, मामा. तिथे कितीही छोटी लांबी घ्या, ती पुरेशा वेळा पुढे पुढे ठेवली की एकाच्या पार जाता येतं. तुमचा कण दहा लाख वेळा ठेवला, कोटी वेळा ठेवला, तरी एकापर्यंत जाणार नाही. कारण तो कोटीव्या भागाहूनही लहान, अब्जाव्या भागाहूनही लहान. त्या रेषेवर असं वागणारी एकच लांबी आहे, शून्य.”

ही रेषा नेमकी कशाची बनली आहे, हेही फार उशिरा लिहिलं गेलं. १८५८ मध्ये झुरिकमध्ये कलनशास्त्र शिकवताना रिचर्ड डेडेकिंड यांना जाणवलं, की आपण मुलांना जे सांगतो त्याला पक्का पाया नाही. आकृती दाखवून वेळ मारून नेतो. त्या वर्षीच्या २४ नोव्हेंबरला त्यांना उत्तर सुचलं, छापायला मात्र १८७२ उजाडलं. संख्या ओळखायची ती तिच्याखाली कोणते अपूर्णांक येतात त्यावरून. एकापेक्षा लहान कुठलाही अपूर्णांक घ्या. पुरेसे नऊ लावले की तो ओलांडला जातो. म्हणजे ०.९९९… च्या खाली जे अपूर्णांक आहेत तेच एकाच्या खाली. दोघांना वेगळं म्हणण्याजोगी खूण रेषेवर कुठेही उरत नाही. वर्गातल्या अस्वस्थतेतून हे काम उभं राहिलं, हे त्या लाल पेनवाल्या शिक्षिकेला बळ देणारं आहे.

तरी मामांच्या कणाला तिने पुरतं हद्दपार केलं नाही. १९६० च्या दशकात अब्राहम रॉबिन्सन यांनी संख्यांची मोठी व्यवस्था उभी केली. तिच्यात शून्य नसलेले आणि तरीही प्रत्येक दशांश-शतांशाहून लहान असे कण खरोखरच आहेत, आणि त्यांचे हिशेब तर्काला धरून चालतात.

“म्हणजे माझ्या कणाला घर आहे,” मामा म्हणाले.

“आहे. पण तिथेसुद्धा प्रत्येक घरात नऊ भरला तर उत्तर एकच येतं. नवांची रांग एखाद्या अनंत क्रमांकाच्या घरावर थांबवली, तरच तुमचा कण उरतो. थांबवावं लागतं.”

मामांनी त्यांचा सगळ्यात जड मुद्दा अजून काढला नव्हता. “कागदावर टिंबं देणं सोपं. यंत्राला टिंबं कळत नाहीत. तिथे कापावंच लागतं. आखाती युद्धातलं ते क्षेपणास्त्राचं प्रकरण तुला माहीत असेल.”

तिला माहीत होतं. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धहरान. इराकचं स्कड क्षेपणास्त्र येत होतं आणि अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा ते पाडण्यासाठी सज्ज होती. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दशांशांत मोजायचं. संगणक मात्र दोनच्या भाषेत बोलतो, आणि त्या भाषेत एक-दशांश हा न संपणारा आवर्ती अपूर्णांक आहे, कारण दहाच्या पोटातला पाच दोनला भागत नाही. तो चोवीस घरांत कापलेला होता. दर दशांशाला चूक सेकंदाच्या सुमारे ०.०००००००९५ एवढी. यंत्रणा सलग शंभर तास चालू होती, म्हणजे ३६ लाख दशांश. चूक साचून सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. यंत्रणा आकाशात चुकीच्या जागी पाहत राहिली. क्षेपणास्त्र छावणीवर पडलं आणि २८ अमेरिकन सैनिक मरण पावले. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी तिथे पोचला.

“बघ,” मामा हळू आवाजात म्हणाले. “किंचित कमी म्हणजे काय, ते.”

“तो कापलेला होता, मामा. टिंबांसकट तो बरोबर एक-दशांश होता. कापला म्हणून एक-दशांश राहिला नाही. तुम्ही सकाळपासून कापलेल्या नवांबद्दल बोलताय आणि प्रत्येक वाक्य खरं बोलताय. मी न कापलेल्यांबद्दल बोलते आहे.”

दोघं वेगवेगळ्या वस्तूंवर बोट ठेवून एकच नाव उच्चारत होते. पण यावरून दोघांची बाजू सारखीच असा निवाडा देणं बरोबर नाही. मुलाच्या प्रश्नपत्रिकेत टिंबं छापलेली होती. टिंबं असतील तर उत्तर एकच, सोळा आणे एक. आणि हे फक्त एकापुरतं नाही: ०.५ म्हणजेच ०.४९९९…, २ म्हणजेच १.९९९…. शून्य सोडलं तर जो जो दशांश संपतो, त्याला नवांच्या न संपणाऱ्या रांगेचं एक दुसरं नाव असतंच. आठ आणे आणि पन्नास पैसे, तसं.

“मला एक असं दाखव,” मामांनी पेन्सिल उचलली, “जिथे नऊ तू लिहिले नाहीस. आपोआप आले.”

ही मागणी तिला फार आवडली. तिने त्यांना एकाला सातने भागायला लावलं. ०.१४२८५७, आणि पुन्हा तेच सहा आकडे, पुन्हा तेच. मग सहाला सातने: ०.८५७१४२, पुन्हा तेच. एक-सप्तमांश आणि सहा-सप्तमांश मिळून एक होतो, यावर जगात कुणाचा वाद नाही. आता खाली-वर मांडून बेरीज. एक आणि आठ, चार आणि पाच, दोन आणि सात, आठ आणि एक, पाच आणि चार, सात आणि दोन. प्रत्येक घरात नऊ, कुठेही हातचा नाही, आणि पुढची सहा घरं पुन्हा तशीच.

“इथे हातचा यायला उजवीकडे जागाच नाही,” मामा स्वतःशीच म्हणाले. मग बराच वेळ ते आकड्यांकडे पाहत राहिले. “आणि १४२ अधिक ८५७, तेही ९९९. एकाच आकड्याचे दोन तुकडे.”

“मिदी नावाच्या एका फ्रेंच माणसाने १८३६ मध्ये त्यावर लिहिलंय. छेदात मूळ संख्या असेल आणि परत परत येणाऱ्या आकड्यांची लांबी सम असेल, तर त्यांचे दोन अर्धे मिळून कायम नऊच.”

“सतराला चालेल?”

“करून बघा.”

भाची पुन्हा उत्तरपत्रिकेकडे वळली. खोडलेल्या ओळीला पूर्ण गुण दिले, ‘चुकलं’ या शब्दाभोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘का? मला भेट.’ समोर मामांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर भागाकार मांडला होता. सोळा आकडे झाल्यावर बाकी पुन्हा एक आली, तेव्हा ते थांबले. वरच्या ओळीत ०५८८२३५२, खालच्या ओळीत ९४११७६४७. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि उजवीकडून सुरुवात केली. दोन आणि सात, नऊ. पाच आणि चार, नऊ. तीन आणि सहा…